पुस्तक बुडालं, मोजणी राहिली

आज मी आकड्यांवर बोलणार आहे. घाबरू नका, थकबाकीची यादी वाचणार नाही. आजचे आकडे आहेत सात, आठ आणि चाळीस. ते आहेत यहुदी लोकांच्या जुन्या हिब्रू धर्मग्रंथातले. त्या ग्रंथाच्या पहिल्या पाच पुस्तकांना ते तोरा म्हणतात. आपल्याकडचे ख्रिस्ती शेजारी हीच पुस्तकं जुन्या करारात वाचतात.

तुम्ही म्हणाल, माण-जतच्या बाईला यहुद्यांशी काय करायचंय? तर ऐका. महाबळेश्वराच्या पलीकडचा घाट उतरला की रायगड जिल्हा लागतो. त्या रायगडात अलिबागजवळ नवगाव नावाचं समुद्रकाठचं गाव आहे. तिथे शेकडो वर्षं तेलाचे घाणे चालवणारी काही घरं होती. बायका नऊवारी नेसायच्या, बोली मराठी, आडनावं नवगावकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर अशी. गावात त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद. दुसरे होते ‘सोमवार तेली’, ते महादेवाच्या वारी घाणा थांबवायचे. आपल्याकडेही सोमवारी बैलाच्या खांद्यावर जू ठेवायचं नाही असा रिवाज कितीतरी गावांत होता, म्हाताऱ्या माणसांना विचारा. त्यामुळे कुणी शनिवार पाळतो म्हटल्यावर गावाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

हे शनवार तेली म्हणजे बेने इस्राएल, आपले मराठी यहुदी. त्यांची परंपरा सांगते की सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी त्यांच्या पूर्वजांचं गलबत नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटलं. वाचले ते सात पुरुष आणि सात बाया. बाकीच्यांची प्रेतं लाटांनी किनाऱ्यावर आणली, ती वाचलेल्यांनी तिथेच पुरली. ती दफनाची जागा आजही दाखवतात. ग्रंथ, सामान सगळं समुद्रात गेलं. हिब्रू भाषाही पिढ्यापिढ्यांत विसरली. राहिली ती एक छोटी प्रार्थना आणि काही नेम. सातव्या दिवशी काम नाही. मुलगा झाला की आठव्या दिवशी सुंता. अमुक मासा खायचा, अमुक नाही.

पुढे बाहेरचे यहुदी त्यांना भेटले, आणि या नेमांवरूनच ओळख पटली. मग शिकवणी सुरू झाली. १८३२ साली मुंबईत जॉन विल्सन या मिशनऱ्याने हिब्रू व्याकरणाचं पुस्तक मराठीतून काढलं. १८७४ साली पुण्यात त्यांच्या वल्हांडण सणाची पोथी मराठी अर्थासह छापली गेली. तिच्यात सणाची बिनखमिराची भाकरी करणाऱ्या बायकांची चित्रं आहेत. त्या बायका लुगडं नेसून पीठ मळताहेत. १८८० च्या सुमारास तर हे लोक आपल्या पूर्वजांच्या गोष्टींवर मराठीतून कीर्तनं करू लागले होते. सणांची नावंही कशी, तर खिरीचा सण, बिरड्याचा सण, दारफाळणीचा सण. ही नावं बायकांनीच ठेवली असणार, असं मला वाटतं. पुरुषाला सण म्हटलं की बिरडं कुठून आठवणार.

आता मुद्द्यावर येते. ग्रंथ समुद्रात गेला, भाषा गेली, आणि शेकडो वर्षं काय टिकलं? सातवा दिवस आणि आठवा दिवस. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी नेम आकड्याला बांधून ठेवला. हे आपल्याला परकं नाही. आपल्या गटातल्या किती सासवांना सही येत नाही, पण पंचसूत्री विचारा, हाताची पाच बोटं दुमडून सांगतात: बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशोब. पुढे तिची दशसूत्री झाली, ती दोन्ही हातांची. यहुद्यांच्या ग्रंथात मोशे डोंगरावरून ज्या आज्ञा घेऊन आला त्याही दहाच. नऊ नाहीत, अकरा नाहीत. मेंढरं राखणाऱ्या, तंबूत राहणाऱ्या लोकांकडे कायम जवळ असणारी वही म्हणजे दहा बोटं.

वल्हांडणाच्या रात्री पुष्कळ यहुदी घरांत पोरांसाठी मोजणीचं एक गाणं म्हणतात. एक कोण ते कुणाला ठाऊक, दोन कोण ते कुणाला ठाऊक, असं करत तेरापर्यंत. एक देव, दोन आज्ञांच्या पाट्या, तीन बाप, चार आया, पाच तोराची पुस्तकं, सात वार, आठ सुंतेचे दिवस. त्यातले नऊ म्हणजे बाळंतपणाचे नऊ महिने. धर्माच्या एवढ्या मोठ्या मोजणीत पोटुशीचे महिने मोजलेत, ही गोष्ट मला फार आवडली.

पण हे आकडे आले कुठून? सातच का?

चंद्र बघा. अमावास्येनंतर साधारण सातव्या दिवशी अर्धी कोर, चौदा-पंधराव्या दिवशी पौर्णिमा, पुन्हा सातांनी अर्धा. मेंढपाळाला, कोळ्याला, बाळंतिणीला, सगळ्यांना फुकट दिसणारं हे कॅलेंडर. शिवाय डोळ्यांनी दिसणारे फिरते तेज सूर्य-चंद्र धरून सातच. त्यामुळे सात हा आकडा जगात पुष्कळ ठिकाणी मोठा झाला. आपल्या विहिरीवर शेंदूर लावलेल्या साती आसरा आहेत, आकाशात सप्तर्षी आहेत, लग्नात सप्तपदी आहे. हिब्रू भाषेत तर ‘सात’ आणि ‘शपथ घेणं’ हे दोन्ही शब्द एकाच मुळाचे. सात पावलं चाललं की लग्नाची शपथ पुरी झाली असं आपण मानतो, तेव्हा ही जोड आपल्याला समजावून सांगावी लागत नाही.

यहुद्यांच्या शेजारी तेव्हा एक मोठी, श्रीमंत संस्कृती होती. आजच्या इराकमधली, दोन नद्यांमधली, बॅबिलोनची. तिथले लोक साठाने मोजायचे. आपल्या आज्या माळ नसताना जप मोजतात तसा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवा: चार बोटांची बारा पेरं. दुसऱ्या हाताचं एक-एक बोट दर बाराला दुमडलं की पाच बारे साठ. त्यांचा साठ असाच आला असावा, असं एक मत आहे. आपल्या मनगटावरच्या घड्याळातली साठ मिनिटं त्यांच्याच हिशोबाची आहेत.

तिकडच्या एका जुन्या पंचांगात महिन्याचे सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा हे दिवस वाईट मानले होते. त्यांच्या जोडीला एकोणिसावाही. कारण आधीच्या महिन्याचे तीस धरले की तो एकोणपन्नासावा, म्हणजे सात साते. त्या दिवशी राजाने शिजवलेलं मांस खाऊ नये, रथात बसू नये, वैद्याने रोग्याला हात लावू नये. थोडक्यात, अवसेला करतात तसा प्रकार.

इसवी सनापूर्वी ५८६ च्या सुमारास बॅबिलोनच्या राजाने यरुशलेम शहर पाडलं, देऊळ जाळलं आणि तिथल्या पुष्कळ लोकांना धरून बॅबिलोनला नेलं. पन्नासेक वर्षं ते परमुलखात होते. यहुदी महिन्यांची नावं, निसान, तम्मूज वगैरे, बॅबिलोनचीच आहेत, ती या काळात आली. त्यांच्या ग्रंथातला बराच भाग याच काळात आणि त्यानंतर आजच्या रूपात बांधला गेला असं अभ्यासक मानतात. देऊळ जळालेलं, गाव सुटलेलं. मग देवाला भेटायचं कुठे? तर सातव्या दिवशी. जागा गेली, वार राहिला. नवगावच्या किनाऱ्यावर जे झालं ते त्याआधी एकदा असं झालं होतं.

सातव्या दिवसाचा नेम यहुद्यांचा आपला जुनाच असेल, पण त्यांनी त्याचं काय केलं ते शेजाऱ्यांच्या पंचांगाशी ताडून बघण्यासारखं आहे. त्यांनी तो चंद्रापासून सोडवला. पौर्णिमा असो की अवस, दर सातवा दिवस. शेजाऱ्यांकडे सातव्या दिवसाची भीती होती, यांच्याकडे सुट्टी. आणि सुट्टी एकट्या राजाला नाही. तू, तुझा मुलगा, मुलगी, गडी, मोलकरीण, बैल, गाढव, तुझ्या वेशीच्या आत आलेला परका, सगळ्यांनी थांबायचं. अडीच हजार वर्षांपूर्वी मोलकरणीला आठवड्याची सुट्टी धर्माने बांधून दिली, ही लहान गोष्ट नाही.

मी ती यादी दोनदा वाचली. मुलगा आहे, मुलगी आहे, मोलकरीण आहे, बैल आहे. बायकोचं नाव नाही. ‘तू’ या शब्दात तीही आली असं म्हणणारे आहेत. असेल. पण घरात आग पेटवायची नाही म्हणून आदल्या दिवशी दोन दिवसांचा स्वयंपाक कोण करून ठेवायचं, हे मला कुणी सांगायला नको. आपल्याकडे रविवारची सुट्टी आली ती अशीच. खटाव तालुक्यातलं कटगुण ज्यांचं मूळ गाव, त्या जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी लढा दिला आणि १८९० साली मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. गिरणीतल्या बाईलाही मिळाली, घरी येऊन धुणं काढायला.

जाता जाता आणखी एक. सात वारांची ही माळ आपल्याकडे ग्रहांच्या नावांनी आली तीही बाहेरून फिरत फिरत. वाराचं नाव लिहिलेला, सालाची खात्री असलेला आपल्या देशातला जुना शिलालेख मध्य प्रदेशात एरणला आहे, इसवी सन ४८४ चा, गुरुवारचा. आणि सात दिवसांना आपण ‘आठवडा’ का म्हणतो? या बाजारापासून त्या बाजारापर्यंत दोन्ही टोकं धरून मोजा, आठ भरतात. हिशोबनीस ताईंनी मात्र व्याज काढताना असं मोजू नये.

आता चाळीस. सांगलीच्या बाईला चाळीस म्हटलं की पोटात गोळा येतो. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी चाळीस फुटांवर गेलं की इशारा, पंचेचाळीसला धोका. २०१९ साली पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं तेव्हा काय काय वाहून गेलं ते तुम्हाला मी सांगायचं कारण नाही. हिब्रू ग्रंथातला महापूरही चाळीसचाच आहे: चाळीस दिवस आणि चाळीस रात्री पाऊस. नोहा नावाच्या माणसाने तारू बांधून घरची माणसं आणि जनावरं वाचवली. तेव्हा नोहाचं वय सहाशे, म्हणजे दहा वेळा साठ, बॅबिलोनच्या मोजणीत नेमकं बसणारं. मोशे डोंगरावर चाळीस दिवस राहिला, त्याचे लोक वाळवंटात चाळीस वर्षं फिरले. चाळीस म्हणजे तिथे एकोणचाळीस अधिक एक असा हिशोब धरायचा नाही. ‘फार दिवस, एक पिढी सरेपर्यंत’ असा त्याचा अर्थ. आपण ‘शंभरदा सांगितलं’ म्हणतो तेव्हा कुठे मोजलेलं असतं?

ही पुराची गोष्टही शेजाऱ्यांकडे आधीपासून होती. १८७२ साली जॉर्ज स्मिथ नावाच्या माणसाने लंडनच्या संग्रहालयात मातीच्या भाजलेल्या पाट्या वाचताना ती शोधून काढली. त्या गोष्टीतही बोट आहे, डोंगराला लागणं आहे, पाखरं सोडून जमीन शोधणं आहे. तिथे वादळ सहा दिवस आणि सात रात्री चालतं. आपल्याकडे मनूला माशाने वाचवलं. नदीकाठी राहणाऱ्या सगळ्याच लोकांना पूर माहीत असतो. गोष्ट एकीकडून दुसरीकडे जाते तेव्हा आकडा बदलतो, त्या त्या लोकांना जो आकडा मोठा वाटतो तो येऊन बसतो.

पण चाळीसचा एक हिशोब असा आहे की तो वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. तो बाळंतिणीचा आहे, लेवीय नावाच्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात. मुलगा झाला तर आई सात दिवस अशुद्ध, मग तेहतीस दिवस तिने देवळाकडे यायचं नाही. सात आणि तेहतीस, चाळीस. मुलगी झाली तर चौदा दिवस आणि पुढे सहासष्ट. ऐंशी. मुलीला बरोब्बर दुप्पट. का, ते तिथे लिहिलेलं नाही. अभ्यासकांनी तऱ्हेतऱ्हेची कारणं सुचवली आहेत. मुलगी पुढे स्वतः आई होणार म्हणून दोघींचे धरले, असंही एक आहे. कारण काहीही असो, शिवणयंत्रावरच्या टेपसारखा तो आकडा बाईच्या अंगावर लावला गेला.

आपल्याकडे सव्वा महिना धरतात. सुवेर, पाचवी, बारावं, सगळं मोजून. त्या दिवसांत बाईला निवांत पडू देत असतील, तिला वेळेवर जेवायला मिळत असेल, कुणी तिला भाऱ्याला पाठवत नसेल, तर त्या सव्वा महिन्याला मी नावं ठेवणार नाही. तिला गोठ्याशेजारच्या अंधाऱ्या खोलीत टाकून पाणीही वरून वाढत असतील, तर आकडा तोच असला तरी गोष्ट निराळी. आणि मुलगी झाल्यावर तोंड वाकडं करायला आपल्याला लेवीयाचं पुस्तक लागलं नाही. तिसरी-चौथी मुलगी झाली की तिचं नाव नकुसा ठेवायचं, हे आपल्याच साताऱ्यात होत होतं. ऑक्टोबर २०११ मध्ये जिल्हा परिषदेने पुढाकार घेऊन अशा दोनशेहून जास्त मुलींची नावं बदलली. मुलींनी आपापली नवी नावं निवडली. तिथेही आधी कुणीतरी मोजलंच होतं, एक, दोन, तीन, आणि मग नको.

आज आशाताई दवाखान्यातून घरी आलेल्या बाळंतिणीकडे येतात त्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. तिसरा सोडला तर सगळे सातच्या पाढ्यातले. जवळजवळ तेच दिवस, जे त्या जुन्या पंचांगात वैद्याला मनाई म्हणून लिहिले होते. आज त्याच दिवशी कुणीतरी बाळाचं वजन करायला, आईचा ताप बघायला येतं. मुलगा असो वा मुलगी, बेचाळीसच. आशाताईंनी एखादी भेट चुकवली तर विचारायचं, संकोच करायचा नाही.

आता ज्यासाठी हा विषय मी घेतला ते सांगते. आमच्या एका गटातल्या ताईंच्या घरात आजारपण हटत नव्हतं. कुणीतरी त्यांना नावाचे आकडे जुळवून देणाऱ्याचा पत्ता दिला. त्याने सांगितलं, हे प्राचीन हिब्रू शास्त्र आहे, अक्षरांत देवाने आकडे लपवलेत, तुमच्या नावाची बेरीज वाईट येते. नावात एक अक्षर वाढवून दिलं आणि पाच हजार घेतले. ते पाच हजार गटाच्या अंतर्गत कर्जातले, शेकडा दोनने. पुढे आधार कार्डावर एक नाव, बँकेत दुसरं, आणि अनुदान अडकलं.

तर त्या शास्त्राची खरी हकिगत अशी. हिब्रूत बावीस अक्षरं आहेत आणि अक्षराला आकड्याची किंमत आहे, हे खरं. आलेफ एक, बेत दोन, योद दहा, शेवटचं ताव चारशे. पण मूळ ग्रंथात आकडे अक्षरी लिहिले आहेत, ‘चाळीस’, ‘सातशे’ असे शब्दांत, आपण पावतीवर रक्कम लिहितो तसे. अक्षरांना आकडे म्हणून वापरायची रीत यहुद्यांत ग्रीकांच्या सहवासानंतरची, म्हणजे तोराचा बराच भाग लिहून झाल्यानंतरची. अक्षरांची बेरीज करून अर्थ काढण्याच्या खेळाला त्यांच्यात गेमात्रिया म्हणतात, तो शब्दसुद्धा ग्रीकातून आलेला. नावाचा आकडा काढायची हौस त्याहून जुनी आहे. असुर देशाच्या सार्गोन राजाने इसवी सनापूर्वी आठव्या शतकात कोरून ठेवलं की माझ्या राजधानीच्या कोटाची लांबी १६,२८३ हात आणि तीच माझ्या नावाची संख्या. राजाचं काय, कोट त्याचा, हात मोजणारेही त्याचेच.

यहुद्यांनी या खेळातून गोड गोष्टीही काढल्या. ‘हाय’ म्हणजे जिवंत. त्याची अक्षरं आठ आणि दहा, बेरीज अठरा. म्हणून ते आहेर करताना अठराच्या पटीत देतात, छत्तीस, चोपन्न. आपण एकावन्न, एकशे एक देतो, वर एक रुपया ठेवतो तसंच. पंधरा लिहायला दहा आणि पाच ही अक्षरं जोडली तर देवाच्या नावाची अक्षरं होतात, म्हणून ते नऊ आणि सहा लिहितात. घरधन्याचं नाव घ्यायचं टाळणाऱ्या आपल्या आज्यांना हे लगेच समजलं असतं. हे सगळं माणसांनी भक्तीने, हौसेने केलेलं आहे. त्याने ताप उतरत नाही. ताप असेल तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्र.

आणि त्या ग्रंथात आपल्या कामाचा सात हवा असेल तर तो नावाच्या बेरजेत नाही, कर्जाच्या पानावर आहे. अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात लिहिलंय: दर सातव्या वर्षी आपल्या माणसाचं कर्ज सोडून द्यायचं. लेवीयात सात साते एकोणपन्नास वर्षं झाली की पन्नासावं वर्ष मोठ्या सुटकेचं, विकलेली वडिलोपार्जित जमीन मूळ घराकडे परत. गरिबाला पैसे दिले तर व्याज घ्यायचं नाही, हे निर्गमात.

हीही रीत शेजारून आलेली. बॅबिलोनचे राजे गादीवर आल्यावर किंवा अधूनमधून कर्जमुक्तीचं फर्मान काढायचे. इसवी सनापूर्वी सतराव्या शतकातल्या अम्मिसदुका राजाचं असं फर्मान मातीच्या पाटीवर सापडलं आहे. त्यात पोटासाठी घेतलेलं धान्य-चांदीचं कर्ज माफ होतं, व्यापारासाठी घेतलेलं नाही. उपभोगाचं कर्ज आणि व्यवसायाचं कर्ज वेगळं लिहा असं मी दर बैठकीला सांगते, ते तेव्हापासून चालत आलंय. त्याआधीच्या हम्मुराबी राजाच्या कायद्यात असं आहे की कर्जापायी कुणी बायको-पोरांना सावकाराकडे कामाला लावलं, तर तीन वर्षं काम, चौथ्या वर्षी सुटका. हिब्रू ग्रंथात सहा वर्षं काम, सातव्यात सुटका. म्हणजे वर्षं वाढली. पण फर्मान राजाच्या लहरीवर होतं, सातवं वर्ष कुणाच्या लहरीवर नव्हतं. ज्याला वाचता येत नाही तोही बोटांवर मोजून सावकाराच्या दारात उभा राहू शकत होता.

यातही बाईचं काय, ते बघा. निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात लिहिलंय की बापाने मुलगी विकली तर ती गड्यांसारखी सुटणार नाही. सहा वर्षं, सात वर्षं, तो हिशोब तिला नाही. आणि अनुवादाच्या पंधराव्यात तोच नियम पुन्हा आला आहे, तिथे स्पष्ट लिहिलं, पुरुष असो वा स्त्री, सातव्या वर्षी सुटका, आणि रिकाम्या हाताने पाठवायचं नाही, शेरडं-मेंढरं, धान्य द्यायचं. एकाच धर्मग्रंथात दोन पानं. मधल्या काळात कुणीतरी हा प्रश्न लावून धरला असणार, त्याशिवाय ‘वा स्त्री’ हे शब्द आले नसते. कायदा देवाचा म्हणून सांगितला तरी माणसांना त्यात बदल करता आला, तोही ग्रंथाच्या आतच.

आणि व्यवहार तो व्यवहार. सातवं वर्ष जवळ आलं की लोक कर्ज देणंच थांबवायचे. ग्रंथातच दटावलंय की सातवं वर्ष आलं म्हणून गरिबाला नाही म्हणू नको, म्हणजे तेव्हाही ते होत होतं. कर्जमाफीची चर्चा सुरू झाली की आपल्याकडे काय होतं ते तुम्ही बघताच. शेवटी हिल्लेल नावाच्या गुरूने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एक कागद काढला. कर्ज कोर्टाच्या नावावर करायचं, मग सातवं वर्ष त्याला लागू नाही. सातचा मान राहिला आणि गरिबाला कर्ज मिळायचा रस्ताही उघडा राहिला. याला कुणी पळवाट म्हणेल. ज्या बाईला पेरणीच्या तोंडावर दोन हजार लागतात ती म्हणणार नाही.

आपल्याकडेही आकड्याने सावकाराला बांधायचा प्रयत्न झाला आहे. जुना दामदुप्पटचा नियम: व्याज एका वेळी मुद्दलाच्या वर वसूल करायचं नाही. १८७५ साली सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, त्यानंतर १८७९ चा शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा आला. तो पहिल्यांदा चारच जिल्ह्यांना लागू होता: पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा. तेव्हाच्या साताऱ्यात तासगाव, वाळवा, खानापूरही होतं. दामदुप्पट आणि त्या कायद्यावर पुढच्या वेळी सविस्तर बोलू, कारण गावात अजून शेकडा दहाने पैसे फिरतात.

तोवर एक काम. तुमच्या गावात बाळंतिणीचे किती दिवस धरतात, मुलाचे आणि मुलीचे वेगळे धरायचे का, आणि त्या दिवसांत तिला काय करू देत आणि काय खायला देत, हे घरातल्या थोरल्या बायकांना विचारा आणि गटाच्या इतिवृत्तात शेवटच्या पानावर लिहून ठेवा. प्रभाग संघाच्या बैठकीला येताना वही आणा.